बटण बंद केल्यावर लागणारा नवा लाइट

घरात नवीन लाइट जोडला की एक गंमतशीर वाटणारी तक्रार येते, बटण बंद असताना नवा लाइट मस्त लागतो आणि बटण चालू केलं की जुना लागतो पण नवा विझतो. मग लोक बल्ब खराब निघाला म्हणून बदलून आणतात, दुसरा लावला तरी तेच. बल्बला काहीही झालेलं नसतं, वायर कुठून उचलली तिथेच घोळ आहे.

बोर्ड उघडला की बटणाला दोन वायर दिसतात आणि वाटतं की ही फेज आणि ही न्यूट्रल, घ्या जोडून. पण बऱ्याच घरांत न्यूट्रल बटणापर्यंत येतच नाही, ती परस्पर लाइटकडे जाते. बटणावर फेज येते आणि तीच पुढे लाइटकडे जाते, म्हणजे त्या दोन्ही वायर एकाच रस्त्याचे तुकडे आहेत आणि मधे बटण. आता त्या दोन टोकांना नवा लाइट लावला आणि बटण बंद ठेवलं तर करंटला एकच वाट उरते, फेजमधून नव्या लाइटमधून जुन्या लाइटमधून न्यूट्रलला. दोघं सिरीजमध्ये. बटण चालू केलं की करंटला बटणातून सरळ रस्ता मिळतो, नव्या लाइटच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजच राहत नाही, तो विझणारच.

मग सिरीजमध्ये दोन्ही मंद का दिसत नाहीत? एकसारखे दोन फिलामेंटचे बल्ब असते तर दिसलेच असते. पण जुना 60 वॅटचा फिलामेंटचा आणि नवा 9 वॅटचा एलईडी धरा. 230 व्होल्टवर त्या 60 वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स पेटलेला असताना 880 ओहमच्या आसपास असतो, पण फिलामेंट थंड असताना तो याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली असतो. एलईडीला लागतो थोडासाच करंट, मिलिअँपमधला, तेवढ्याने फिलामेंट तापतच नाही आणि जेमतेम काही व्होल्ट खातो, बाकी सगळं व्होल्टेज एलईडीला मिळतं. म्हणून तो जवळपास पूर्ण उजेड देतो आणि जुना अंधारात. दोन्ही एलईडी असतील तर कधी मंद कधी लुकलुक, ते आतल्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर आहे. खात्री करायची तर मेन बंद करून जुना बल्ब काढा, मेन परत चालू करा आणि बटण बंद ठेवा, नवाही लागला नाही तर निदान पक्कं.

दुसरी चूक छतावरच्या पॉइंटवर होते. तिथे बऱ्याचदा तीन-चार वायरचे जॉइंट असतात आणि जुना लाइट काढताना ते सुटे होतात, मग माणूस रंग बघून एका रंगाच्या सगळ्या एकत्र बांधतो. त्यातली एखादी न्यूट्रलच्या रंगाची दिसते पण असते बटणाकडून परत आलेली फेज. बटण बंद असेपर्यंत सगळं शांत, चालू करताच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतो, कारण फेज बटणातून थेट न्यूट्रलवर गेली. बटणासोबतच ट्रिप होत असेल तर फिटिंग बदलत बसू नका, हा जॉइंट आधी बघा, आणि यापुढे सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न्यूट्रलवर लावलेल्या बटणाची. लाइट लागतो, विझतो, कोणाला पत्ता लागत नाही, पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये पूर्ण फेज असते आणि बल्ब बदलणाऱ्याला वाटतं सप्लाय बंद आहे. एक खूण म्हणजे एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा मधेमधे चमकतो. मात्र बटण बरोबर फेजवर असूनही हे होऊ शकतं, लांबवर शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमध्ये थोडी कपॅसिटन्स असते, म्हणजे न जोडताही एकीतून दुसरीत किंचित करंट जातो, दहा मीटरला साधारण एक नॅनोफॅरड धरली तर 50 हर्ट्झला सत्तरेक मायक्रोअँप गळतात, आणि एलईडीच्या ड्रायव्हरला हळूहळू चार्ज व्हायला तेवढे पुरतात. बटणात बारीक इंडिकेटर असेल तरीही तेच. साध्या टेस्टरचा निऑनही अशा भासाच्या व्होल्टेजवर उजळतो, म्हणून बटण बंद ठेवून होल्डरच्या दोन्ही टोकांचं अर्थिंगशी व्होल्टेज मोजा आणि त्याच टोक व अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प (दोन वायर जोडलेला साधा बल्ब) लावून बघा, तो खरा करंट ओढतो, भास असेल तर लागत नाही.

आरसीसीबी पडत असेल तर प्रश्न वेगळा. तो जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघतो, घरात वापरतात त्यांची फरकाची मर्यादा बहुधा 30 मिलिअँप. नव्या लाइटला फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल जवळ दिसली म्हणून दुसऱ्या सर्किटची घेतली तर परतीचा करंट भलत्याच वाटेने जातो, आणि मग एकटा एलईडीसुद्धा त्याला पाडू शकतो. इथे त्या खोलीचा एमसीबी बंद करूनही ती न्यूट्रल सोडताना झटका बसू शकतो, दुसऱ्या सर्किटचा करंट तिच्यातून चालू असतो, म्हणून पूर्ण मेन बंद केल्याशिवाय हात घालू नका आणि वायर कुठून कुठे जाते ते सापडत नसेल तर वायरमनला बोलवा.

सगळं जुळलं की बोर्ड बंद करण्याआधी मेन बंद असतानाच प्रत्येक वायर हाताने ओढून बघा. नुसती पिळून टेप मारलेली असेल तर ती सैल होते, सैल जॉइंट तापतो, आणि पुढची खोली त्याच जॉइंटवरून जात असेल तर तिचा करंटही तिथूनच वाहतो. ओढल्यावर वायर हलली तर टेप काढा आणि कनेक्टर लावून स्क्रू घट्ट आवळा.