फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टर

लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या (मिश्रणातले घटक द्रवाच्या प्रवाहात वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) कॉलममधून, म्हणजे भरीव पदार्थ भरलेल्या नळीतून, बाहेर पडणारा द्रव किती प्रकाश शोषतो, हे अनेक तरंगलांबींवर एकाच वेळी टिपणारे उपकरण. प्रयोगशाळेत कोणी त्याला पीडीए (फोटोडायोड अ‍ॅरे) म्हणतात, कोणी डीएडी (डायोड अ‍ॅरे डिटेक्टर); यंत्र एकच.

साध्या यूव्ही (अतिनील) डिटेक्टरात ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबींनुसार फोडणारी बारीक रेघांची पट्टी) आधी आणि फ्लो सेल (द्रव ज्यातून वाहतो ती पारदर्शक कुपी) नंतर असते, त्यामुळे नमुन्यापर्यंत निवडलेली एकच तरंगलांबी पोचते. पीडीएमध्ये हा क्रम उलटा. ड्यूटेरियम दिव्याचा अतिनील प्रकाश, आणि बऱ्याच यंत्रांत जोडीला टंगस्टन दिव्याचा दृश्य प्रकाश, न फोडता सेलमधून जातो. सेलमधला प्रकाशमार्ग बहुधा १० मिलिमीटरचा असतो. पार झालेला प्रकाश ग्रेटिंगवर फाकतो आणि ओळीने बसवलेल्या ५१२ किंवा १०२४ फोटोडायोडांवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या इवल्या इलेक्ट्रॉनिक घटकांवर, पडतो. प्रत्येक डायोडच्या वाट्याला वर्णपटाची एक अरुंद पट्टी येते.

शोषण मात्र कोणताच डायोड मोजत नाही. तो मोजतो उरलेला प्रकाश. डायोडला जोडलेला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) आधी भारित केलेला असतो. प्रकाश पडेल तसा तो रिता होतो आणि पुन्हा भरायला जेवढा विद्युतभार लागतो तेवढे प्रकाशाचे माप. अंधारातही वाहणारा किंचित प्रवाह त्यातून वजा करतात. नुसते द्रावक वाहत असतानाचा प्रकाश भागिले नमुना असतानाचा प्रकाश, या गुणोत्तराचा १० पायाचा लॉगॅरिदम म्हणजे शोषण. बिअर-लॅम्बर्ट नियमानुसार ते संहतीच्या समप्रमाणात वाढते. शोषण १ असेल तर दहावा हिस्सा प्रकाश पार होतो, २ असेल तर शंभरावा, ३ असेल तर हजारावा. एवढ्याशा प्रकाशात यंत्रातला भरकटलेला प्रकाश मिसळला की हिशेब बिघडतो. संहती दुप्पट केली तरी शिखर, म्हणजे घटक बाहेर पडताना शोषणाच्या आलेखात दिसणारा उंचवटा, दुप्पट होत नाही.

या पद्धतीची खरी कमाई म्हणजे क्षणाक्षणाचा पूर्ण वर्णपट. शिखराच्या चढावरचे, माथ्यावरचे आणि उतारावरचे वर्णपट जुळले नाहीत, तर त्याखाली दुसरा घटक दडलेला असण्याचा संशय येतो. यालाच पीक प्युरिटी तपासणी म्हणतात. नाव जरा फसवे आहे. ज्यांचे वर्णपट जवळजवळ सारखे आहेत असे दोन पदार्थ एकत्रच बाहेर पडले, तर ही तपासणी त्यांना वेगळे ओळखत नाही.

बेसलाइन (घटक नसतानाची आलेखाची पायारेषा) स्थिर राहावी म्हणून एखादी संदर्भ तरंगलांबी निवडून तिथले शोषण वजा करण्याची सोय असते. पण घटक तिथेही प्रकाश शोषत असेल, तर शिखर खुजे होते, कधी चक्क उलटे.