केळीचा कंद कुंडीत लावताना : मुळं फुटेपर्यंत पाणी आवरा

आमच्याकडून केळीचा कंद घरी नेल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आम्हाला जे फोन येतात, त्यांतले बहुतेक एकाच तक्रारीचे असतात. सुरळी (गुंडाळलेलं कोवळं पान) छान वर आली होती, मग पिवळी पडली आणि जरा ओढल्यावर हातातच आली. पाणी किती घालत होतात, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "रोज, पण थोडंच."

त्या रोजच्या थोड्या पाण्यानेच कंद कुजतो. केळीला पाणी भरपूर लागतं हे खरं, पण ते पानं आणि मुळं असलेल्या केळीला. आमच्याकडून येणाऱ्या कंदाला दोन्ही नसतात. मुळांशिवाय पाणी ओढलं जात नाही आणि पानांशिवाय ते बाहेर पडत नाही. मग ते कंदाभोवती साचतं, मातीतली हवा संपते आणि कापलेल्या भागातून कुज आत शिरते. फसगत होते ती सुरळीमुळे. कापलेल्या खोडाच्या मधोमध हिरवा पोंगा वर सरकला की झाड लागलं असं वाटतं. पण तो कंदातल्या साठवलेल्या अन्नावर वाढत असतो. खाली एकही मूळ नसताना तो वीतभर वर येऊ शकतो.

म्हणून लावताना एकदा पाणी द्या, जास्तीचं निथळू द्या आणि मग थांबा. वरचा दोन बोटं थर कोरडा झाल्याशिवाय पुन्हा पाणी नाही, आणि तेव्हाही कडेने, बेताचं. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असली की पुरे. कापलेल्या खोडाच्या तोंडात पाणी पडू देऊ नका, तिथे साचलं तर पोंगा वरूनच सडतो. कुंडीखाली ताटली असेल तर ती रिकामी ठेवा. पहिलं पान पूर्ण उलगडलं आणि त्यामागे दुसरं दिसू लागलं, की पाणी हळूहळू वाढवा. उबदार हवेत याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून बरेच जास्त. मुळं आली का हे पाहायला कंद हलवू नका. कोवळी मुळं काचेसारखी तुटतात.

मुळं आणि पानं छाटून का देता, असंही बरेच जण विचारतात. कंद काढताना तुटलेली जुनी मुळं पुन्हा कामाला लागत नाहीत, ती मातीत कुजतात. नवी मुळं कंदाच्या अंगातूनच फुटतात. पानं ठेवली तर वाटेत त्यांच्यातून पाणी उडून कंद सुकतो. छाटण्याचा आणखी एक फायदा आहे : कंद पांढरा होईपर्यंत तासला की सोंडकिड्याची भोकं किंवा मर रोगाचे तांबूस डाग लगेच दिसतात. असा कंद आम्ही बाजूला काढतो. दिसायला बोडका असला तरी हाच कंद भरवशाचा. आम्ही तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांच्या मुनव्यांचेच (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांचेच) कंद देतो. लहानपणीच रुंद पानं फुटलेले मुनवे दिसतात टवटवीत, पण त्यांचा कंद बारीक आणि कमजोर असतो.

तासलेला भाग हवा लागून काळपट पडतो. त्याला घाबरू नका. नखाने खरवडा, आत पांढरा आणि टणक लागला तर कंद उत्तम आहे.

कुंडी मोठी घेऊ नका. कंदाभोवती तीन-चार बोटं जागा राहील एवढी पुरते. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती आठवडाभर ओलीच राहते. नुसती बागेची माती किंवा नुसतं कोकोपीट घट्ट बसतं, म्हणून त्यात निम्म्याच्या आसपास जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) मिसळा. कंद मातीखाली जेमतेम झाकला जावा, खोडाचा तुकडा वर. जागा उजेडाची पण कडक उन्हाची नको. माती २५ ते ३० अंश सेल्सिअस राहिली तर मुळं लवकर धरतात, १५ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. शेणखत आणि इतर खतं दोन-तीन पानं उघडल्यावरच द्या. पुढे केळीला पालाश (पोटॅश) भरपूर लागतं. मुळं कुंडीच्या तळाच्या भोकांतून डोकावली की मोठ्या कुंडीत हलवा.

सुरळी सडली तरी कंद फेकू नका. बाहेर काढून धुवा, मऊ आणि दुर्गंधी येणारा भाग पांढरं लागेपर्यंत कापा, सावलीत एक-दोन दिवस सुकवा आणि नव्या कोरडसर मिश्रणात लावा. मधला कोंब गेला तरी बाजूचे डोळे फुटतात.

वरच्या प्रमाणात तयार केलेलं मिश्रण आमच्याकडे पिशवीत मिळतं. पाण्याचा अंदाज धरायला वेळ नसेल त्यांच्यासाठी मुळं धरलेली, दोन पानांची रोपंही ठेवतो. ती कंदापेक्षा महाग पडतात, कारण हे सगळे आठवडे आम्ही सांभाळलेले असतात. शंका आली तर फोटो पाठवा, पण नुसत्या सुरळीचा नको. माती थोडी बाजूला करून, कंद खरवडून, आतला रंग दिसेल असा काढा. शेवटचं पाणी कधी घातलं तेही लिहा.