गुणोत्तर श्रेढी

गुणोत्तर श्रेढी (भूमिती श्रेढी) : ज्या क्रमिकेत (ठरावीक क्रमाने लिहिलेल्या संख्यांत) कोणत्याही पदाला लगतच्या मागच्या पदाने भागले की भागाकार तोच येतो, ती क्रमिका. त्या भागाकाराला साधारण गुणोत्तर म्हणतात. ३, ६, १२, २४ या पदांत ते २ आहे. ५, −१०, २०, −४० यांत −२. शून्य या श्रेढीत बसत नाही, कारण पुढच्या पदाला त्याने भागता येत नाही. अंकगणिती श्रेढीत लगतच्या पदांची वजाबाकी स्थिर असते, इथे भागाकार. शिकणाऱ्याची सवय मात्र आधी वजाबाकी करून पाहण्याची असते आणि बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

नागपूरच्या इतवारीत किलो येण्याआधी किराण्याच्या तराजूवर जी वजने पडत, त्यांत ही श्रेढी हाताने उचलता येत होती. पक्का शेर ८० तोळ्यांचा धरला, तर शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव आणि छटाक म्हणजे ८०, ४०, २०, १०, ५ तोळे. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. नाणीही तशीच होती : आणा, चवली, पावली, अधेली, रुपया म्हणजे १, २, ४, ८, १६ आणे. दुपटीमागे व्यवहाराचे पक्के कारण आहे. प्रत्येक वजन एकेकच असले, तरी ५ तोळ्यांपासून १५५ तोळ्यांपर्यंत पाचाच्या पटीतला कोणताही माल एका पारड्यात वजने टाकून तोलता येतो. ३५ तोळे हवे असतील तर पावशेर, अदपाव आणि छटाक. ६५ हवे असतील तर अच्छेर, पावशेर आणि छटाक. हे जमते, कारण लहान वजनांची बेरीज पुढच्या वजनापेक्षा नेमकी एका छटाकाने कमी भरते. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर दशमान पद्धत आली. तिच्यातील १, २, ५, १० या मापांत लगतची गुणोत्तरे २, २.५, २ अशी बदलतात, आणि एका पारड्यात एकेकच वजन टाकून ४ तोलता येत नाहीत. २ चे वजन दोनदा लागते. दशमानाचे फायदे मोठे आहेत, पण गणिताची ही एक सोय तिच्यात गेली.

बेरजेचे सूत्रही याच वजनांवरून समजते. ५ + १० + २० + ४० + ८० ही बेरीज दुप्पट केली की १० + २० + ४० + ८० + १६० मिळते. दुसरीतून पहिली वजा करताना मधली सगळी पदे उडतात आणि १६० − ५ = १५५ उरतात. सर्वसाधारण गुणोत्तरासाठी युक्ती हीच. फक्त उरलेल्या वजाबाकीला शेवटी (गुणोत्तर − १) ने भागावे लागते. गुणोत्तर १ असेल तेव्हा सगळी पदे सारखीच असतात, म्हणून पद गुणिले पदसंख्या एवढे पुरते. छटाकाच्या खालीही निम्मे-निम्मे करत कितीही गेले, तरी शेरापासूनची एकूण बेरीज दोन शेरांच्या आतच राहते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) एक दाता पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट करत जातो, महिन्यात किती निष्क (त्या काळचे मोठे नाणे, २०,४८० कवड्यांचे) होतील, असा प्रश्न आहे. त्यासाठी दिलेली रीत फार सुंदर आहे : पदसंख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहा, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ (म्हणजे गुणोत्तराने, इथे २ ने, गुणणे) लिहा, शून्य येईपर्यंत हेच करा आणि मग १ पासून उलट्या क्रमाने हिशेब करा. ३० पदांसाठी २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १,०७,३७,४१,८२४ एवढ्या आठच पायऱ्या होतात. त्यातून १ वजा करून २ ने गुणले की कवड्या येतात २,१४,७४,८३,६४६, म्हणजे १,०४,८५७ निष्कांहून थोड्या जास्त.

पहिली दोन-चार गुणोत्तरे जुळली म्हणून श्रेढी सिद्ध होत नाही. वर्तुळावर १, २, ३, ४, ५ बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना जोडले, तर आतले भाग १, २, ४, ८, १६ होतात. सहाव्या बिंदूला ३२ अपेक्षित असतात. येतात जास्तीत जास्त ३१. वजने निम्म्याने घडवली जात, म्हणून तिथे गुणोत्तर टिकते. इथे दुप्पट होण्यामागे नियमच नव्हता. १०,००० रुपयांवर ८ टक्के चक्रवाढ व्याजाने १०,८००, ११,६६४, १२,५९७.१२ रुपये होतात. वाढ दरवर्षी वेगळी, गुणोत्तर मात्र १.०८ च, कारण दर ठरलेला आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावावर पसरणारी जलपर्णीही अनुकूल काळात दुपटीने वाढू शकते, पण मोकळे पाणी संपत आले की गुणोत्तर घसरते; त्या टप्प्यावर हे सूत्र लावणे चूक.

राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात परंपरित प्रमाण नववीत येते. तिथे मधल्या पदाचा वर्ग शेजारच्या दोन पदांच्या गुणाकाराएवढा असतो (४० × ४० = ८० × २०). दहावीत अंकगणिती श्रेढी आणि अकरावीत गुणोत्तर श्रेढी. परंपरित प्रमाण म्हणजे तीन पदांची गुणोत्तर श्रेढीच. हे नववीतच सांगायला हवे.