डोस पूर्ण व्हायच्या आधी: पिल्लाला जग दाखवणं वेगळं, कुत्र्यांत सोडणं वेगळं

पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात दोन सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे असतात. एकजण सांगतो, सगळे डोस होईपर्यंत दाराबाहेर काढूच नका, पार्व्हो (पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झाला तर पिल्लू हातचं जाईल. दुसरा सांगतो, आत्ताच चार कुत्र्यांत मिसळू द्या, नाहीतर मोठेपणी भित्रं नाहीतर चावरं होईल. दोघांचीही काळजी खरी आहे. पण दोघांच्याही डोक्यात सोशलायझेशन म्हणजे दुसऱ्या कुत्र्यांबरोबर खेळणं, आणि सगळा घोळ तिथेच होतो. पिल्लाला जगाची सवय लावणं ही एक गोष्ट आणि त्याला कुत्र्यांत मोकळं सोडणं ही दुसरी. पहिलीला शेवटच्या डोसची वाट बघायची नाही, दुसरीला बघायची. हे माझं ठाम मत आहे आणि ते का, ते जरा सविस्तर सांगते.

आधी घाई कसली आहे ते बघू. साधारण ३ ते १२-१४ आठवडे या वयात पिल्लाची कुतूहलाची बाजू भीतीपेक्षा जड असते, नवीन काही दिसलं की ते आधी पुढे जाऊन वास घेतं, मग घाबरायचं का ते ठरवतं. त्यानंतर हळूहळू उलटं व्हायला लागतं. १९६१ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रीडमन, किंग आणि एलियट यांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं उंच कुंपणाच्या मोठ्या आवारात माणसांपासून दूर वाढवली आणि वेगवेगळ्या वयात त्यातली काही काही पिल्लं एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणली. जी पिल्लं १४ आठवड्यांपर्यंत माणसांत आलीच नाहीत ती नंतर जवळ घेऊनही बुजरीच राहिली, जंगली जनावरासारखी लांब पळायची. आता आपल्या घरातलं पिल्लू काही इतकं तोडलेलं नसतं हे मान्य. पण चार भिंती, दोन माणसं आणि एक सोफा एवढंच ज्यानं पाहिलंय त्याला चार महिन्यांचं झाल्यावर एकदम रस्ता दाखवला, तर हॉर्न, टोपीवाला माणूस, छत्री, पळणारी मुलं हे सगळं एकाच दिवशी अंगावर येतं, आणि मग लोक म्हणतात आमचा स्वभावानेच घाबरट आहे.

आणि लसीकरण संपतं कधी? पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांत, मग दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा, असं करत निदान १६ आठवड्यांपर्यंत जायचं हे जागतिक पातळीवरचं मार्गदर्शन आहे, तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं इकडेतिकडे असेल. म्हणजे शेवटचा डोस होईपर्यंत सवयीची सगळ्यात चांगली वेळ निघून गेलेली असते. गंमत नाही, खरोखरच ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर आदळतात.

इथे अजून एक समज दुरुस्त करायला हवा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पुष्कळांना वाटतं तीन डोस म्हणजे पहिल्यानंतर थोडं संरक्षण, दुसऱ्यानंतर अजून थोडं, तिसऱ्यानंतर पूर्ण. तसं नसतं. पिल्लाला आईच्या चिकातून अँटीबॉडीज मिळालेल्या असतात, त्या सुरुवातीला रोगापासून वाचवतात पण लसीलाही काम करू देत नाहीत. त्या कमी कधी होतात ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच विणीतल्या भावंडांचंसुद्धा वेगळं असू शकतं. मधे काही दिवस असे येतात की आईकडून आलेलं संरक्षण पुरेसं उरलेलं नसतं पण लस अडवण्याइतकं असतं, तेव्हा पिल्लू उघडं असतं आणि बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून डोस परत परत देतात, त्यातला एखादा तरी योग्य वेळी बसावा यासाठी. त्यामुळे 'दोन डोस झालेत, आता चालतंय' म्हणून पार्कात सोडणं हा अंदाजावरचा कारभार आहे. तो करू नका.

आता मुख्य तुलना. रोग पिल्लापर्यंत येतो कसा हे बघितलं की जग दाखवणं आणि कुत्र्यांत सोडणं यातला फरक आपोआप स्पष्ट होतो. पार्व्हो येतो विष्ठेतून. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून विषाणू मातीत जातो, तिथे महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरही टिकू शकतो, विष्ठा दिसेनाशी झाली तरी तो असतोच, आणि कुत्रा आजारी दिसायच्या आधीपासूनच तो बाहेर टाकत असतो. पिल्लू तिथे चाललं, पंजे चाटले, झालं. डिस्टेंपर हा दुसरा विषाणूजन्य आजार मुख्यतः आजारी जनावराच्या शिंकण्या-खोकण्यातून, जवळच्या संपर्कातून येतो, बाहेर उघड्यावर तो फार टिकत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, तो येतो लघवीतून आणि साचलेल्या पाण्यातून. म्हणजे धोका आहे तो जमिनीला नाक लावण्यात, अनोळखी कुत्र्याच्या तोंडाला तोंड लावण्यात, डबक्यातलं पाणी पिण्यात. बस बघण्यात नाही. हॉर्न ऐकण्यात नाही. दाढीवाल्या माणसाच्या हातून खाऊ घेण्यात नाही (हात धुतलेले असले आणि तो आत्ताच आजारी कुत्र्याला हाताळून आलेला नसला म्हणजे झालं).

थोडक्यात, पिल्लाचे चार पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, बाकी डोळे, कान, नाक सगळं बाहेर काढायचं.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. रस्त्यापासून थोडं लांब असलेल्या बाकावर तुम्ही बसलाय, मांडीवर घरून आणलेली जाड चादर, त्यावर पिल्लू, हार्नेस घातलेला आणि दोरी तुमच्या मनगटात. समोरून मोठा ट्रक जातो. पिल्लाचे कान मागे जातात, अंग जरासं आक्रसतं, ट्रककडे बघत राहतं. तुम्ही काही बोलत नाही, ओढत नाही, फक्त खाऊचा छोटा तुकडा नाकापाशी धरता. त्यानं तो घेतला, चावला, परत रस्त्याकडे बघितलं आणि शेपटी सैल पडली, की तो ट्रक त्याच्या खात्यात 'ठीक आहे' म्हणून जमा झाला. त्यानं खाऊकडे ढुंकूनही बघितलं नाही तर तुम्ही फार जवळ बसलाय, उठा आणि मागे जा. एवढंच. दहा मिनिटं झाली की घरी. रोज असं थोडं थोडं, वेगळ्या जागी. गाडी असेल तर तीही छान, पार्किंगमध्ये खिडकी थोडी खाली करून बसायचं आणि येणारी जाणारी माणसं बघू द्यायची, किंवा छातीशी बांधायच्या पिशवीतून फिरवायचं. पिल्लू मोठ्या जातीचं असेल तर उचलायचं वय पटकन संपतं, मग चाकांची ढकलगाडी कामाला येते.

दुसऱ्या कुत्र्यांचंही यातच येतं बरं का. लांबून कुत्रा जाताना बघणं आणि मग शांतपणे तुमच्याकडे वळणं, हे पिल्लासाठी कुत्र्याशी कुस्ती खेळण्याइतकंच, मला तर वाटतं त्याहून जास्त उपयोगाचं शिक्षण आहे. दिसेल त्या कुत्र्याकडे धावायची सवय लागलेलं पिल्लू मोठं झालं की दोरीला लटकत, भुंकत, मालकाला फरफटत नेतं, आणि लोक त्यालाच 'खूप सोशल आहे' म्हणतात.

आता हेही तितकंच महत्त्वाचं, की उचलून नेलं म्हणजे सगळं बरोबर असंही नाही. पिल्लाला पाच जणांनी या हातातून त्या हातात फिरवणं, गर्दीच्या बाजारात छातीशी घट्ट धरून उभं राहणं, हे जग दाखवणं नाही, जग लादणं आहे. कडेवर असलेल्या पिल्लाला लांब जाता येत नाही, म्हणून त्याची भाषा तुम्हालाच वाचावी लागते. झोप आलेली नसताना जांभया देतंय, सारखे ओठ चाटतंय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, अंग दगडासारखं घट्ट झालंय, तोंड तुमच्या काखेत खुपसतंय, तर पुरे झालं. 'सवय होईल' म्हणून तिथेच थांबलात तर सवय भीतीचीच होते. साधारण ८ ते १० आठवड्यांच्या दरम्यान पुष्कळ पिल्लं जास्त हळवी होतात, तेव्हाचा एक जोराचा धक्का बराच काळ लक्षात राहू शकतो, म्हणून त्या दिवसांत कमी आणि गोड अनुभव द्या.

मग कुत्र्यांत अजिबातच न्यायचं नाही का? न्यायचं, पण कुत्रा आणि जागा दोन्ही आपण निवडायचं. ओळखीतला, लसी पूर्ण असलेला, तब्येत ठणठणीत, पिल्लांचा त्रास सहन करणारा आणि गरज पडली तर नुसत्या गुरगुरण्यानं हद्द दाखवणारा मोठा कुत्रा, तुमच्या घरात किंवा त्याच्या घरात. आवार असेल तर तिथे अनोळखी कुत्री येत नाहीत ना, गेल्या वर्षभरात तिथे पार्व्होची केस झाली नव्हती ना, हे विचारायचं. लाजायचं नाही विचारायला. नीट चालवलेला पपी क्लास, म्हणजे पिल्लांना एकत्र शिकवण्याचा वर्ग, तोही चालतो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संस्थेनं २००८ मध्येच सांगितलंय की पिल्लाला ७-८ आठवड्यांपासून क्लासला नेता येतं, अट एवढीच की निदान पहिला डोस क्लासच्या ७ दिवस आधी झालेला हवा, जंतांचं औषध दिलेलं हवं आणि पुढचे डोस चालू ठेवायचे. २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात तिथल्याच चार शहरांतल्या २१ दवाखान्यांमधून १,०१२ पिल्लांची माहिती घेतली होती, त्यातली २७९ क्लासला गेली होती आणि त्यातल्या एकाही लस घेतलेल्या पिल्लाला पार्व्होचा संशयसुद्धा आला नाही. पण क्लास म्हणजे लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आत न घेणारा, घरातली फरशी पुसता येते तशी जमीन असलेला आणि रोज निर्जंतुक करणारा. कार्ड मागितलं नाही तर उलट पावली परत या. डॉग पार्क, पेट शॉपची फरशी, कुत्र्यांच्या नेहमीच्या शी-शूच्या जागा, या आत्ता पूर्ण बंद.

आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे दवाखाना. डोसला नेतो म्हणून तिथे सुरक्षित आहे असं वाटतं आणि पिल्लाला खाली सोडतो, पण आजारी कुत्री तिथेच तर येतात. मांडीवर किंवा कॅरियरमध्येच ठेवा, टेबलवर आपली चादर घाला. नुसतं वजन करायला आणि खाऊ खायला एखादी फेरी मारता आली तर फारच छान, दर वेळी सुईच टोचतात असं डोक्यात बसत नाही. घरात शिरताना चपला-बूट दाराबाहेर, कारण पार्व्हो तळव्याला चिकटूनही आत येतो. बाहेरची घाण तरीही घरात आलीच असं वाटलं तर घरातल्या फरशीला एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, आधी फरशी स्वच्छ धुऊन, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि वास जाईपर्यंत पिल्लू दुसऱ्या खोलीत.

घरात करायचं तर अमाप आहे आणि त्यात जवळजवळ धोका नाही. मिक्सर, व्हॅक्यूम, डोअरबेल, फटाक्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज अगदी हळू सुरू करून. फरशी, गालिचा, कागद, गार स्टीलचं ताट असे वेगवेगळे पृष्ठभाग पायाखाली. पंजा हातात घेणं, कान उघडून बघणं, ओठ उचलून दात बघणं, दर वेळी खाऊ. आणि रोज थोडा वेळ एकटं राहणं, हे तर विसरूच नका.

पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, जुलाब झाले, खाणं सोडून निपचित पडलं, तर एक दिवस वाट बघू नका. आधी दवाखान्यात फोन करा आणि पार्व्होची शंका आहे हे सांगा, म्हणजे ते वेगळ्या दारानं किंवा वेगळ्या खोलीत घेतील आणि वेटिंगमधल्या दुसऱ्या पिल्लांनाही लागण होणार नाही.