प्रवासातला दुसरा मॉनिटर : आधी पोर्ट बघा, मग स्क्रीन

पोर्टेबल मॉनिटर घ्यायला निघालेला माणूस आधी इंच विचारतो, मग रिझोल्यूशन, मग किंमत. पहिला प्रश्न खरं तर मॉनिटरबद्दलचा नाहीच. आपल्या लॅपटॉपच्या कडेला जो यूएसबी-सी पोर्ट आहे, त्यातून चित्र बाहेर पडतं का? पडत नसेल तर पुढची सगळी तुलना वाया जाते, आणि हौसेने आणलेला मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवून झोपी जातो.

यूएसबी-सीच्या चपट्या तोंडात २४ पिना असतात. त्यात वीज आणि अर्थिंगच्या पिना असतात, जुन्या यूएसबी २.० ची एक जोडी असते आणि प्रचंड वेगाने डेटा नेणाऱ्या चार मार्गिका असतात. या चारपैकी दोन किंवा चारही मार्गिका चित्रासाठी वापरायची सोय 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' या नावाने व्हेसा या स्क्रीनचे मापदंड ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये जाहीर केली. केबल खोचल्यावर लॅपटॉप आणि मॉनिटर 'सीसी' नावाच्या वेगळ्या तारेवरून आधी एकमेकांची चौकशी करतात आणि जमत असेल तरच मार्गिका चित्राकडे वळवल्या जातात. मात्र लॅपटॉप बनवणाऱ्याने ग्राफिक्स चिपपासून त्या पोर्टपर्यंत जोडणीच दिलेली नसेल, तर कुठलीही सेटिंग बदलून काही होत नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये असे फक्त डेटापुरते यूएसबी-सी पोर्ट सर्रास असतात.

पोर्टशेजारी बाण असलेली वीज कोरलेली असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराचा जास्त वेगवान पोर्ट आहे, चित्र नक्की येणार. 'डी' आणि 'पी' ही अक्षरं एकात एक गुंफलेली खूण असेल तरी येणार. काहीच खूण नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी छापलेला पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि कंपनीच्या तांत्रिक माहितीत 'डिस्प्लेपोर्ट' हा शब्द शोधावा. क्रमांक पूर्णच हवा, कारण एकाच मालिकेतल्या दोन मॉडेलांत हा फरक असू शकतो. नुसतं 'यूएसबी ३.२' लिहिलेलं असेल तर चित्राची हमी नाही. दुकानदाराच्या 'चालेल हो' ची तर मुळीच नाही.

पोर्टमधून चित्र येत नसेल तर एचडीएमआय आहेच. फक्त त्यातून मॉनिटर चालण्याइतकी वीज मिळत नाही. एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेवर हमी आहे ती ५५ मिलिअँपिअरची, म्हणजे जेमतेम पाव वॅट. मॉनिटरला लागतात साधारण ६ ते १० वॅट. त्यामुळे विजेसाठी दुसरी केबल आलीच. शिवाय मॉनिटरच्या बाजूला बहुतेक वेळा मिनी-एचडीएमआय असतं, तेव्हा ती केबल डब्यात आहे ना, हे बघून घ्यावं. तिसरा मार्ग डिस्प्लेलिंकचा. यात चित्र आकुंचित करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतात. त्यासाठी ड्रायव्हर टाकावा लागतो, प्रोसेसरवर भार येतो आणि कॉपी-संरक्षण असलेले चित्रपट काही वेळा काळे दिसतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर हा मार्ग विसरा.

आता केबल, जिच्यामुळे मॉनिटर विनाकारण परत पाठवले जातात. फोनच्या चार्जरबरोबर येणारी सी-टू-सी केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात बहुधा वीज आणि यूएसबी २.० एवढ्याच तारा असतात, वेगवान मार्गिका नसतात. मॉनिटरचा दिवा लागतो, चित्र मात्र येत नाही. हिशोब साधा आहे. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर सेकंदाला १४.८५ कोटी ठिपके पाठवावे लागतात (कडेच्या न दिसणाऱ्या ओळी धरून), दर ठिपक्याला २४ बिट, म्हणजे सुमारे ३.५६ गिगाबिट. यूएसबी २.० ची कमाल आहे ०.४८ गिगाबिट. उलट डिस्प्लेपोर्टची ५.४ गिगाबिटची एकच मार्गिका प्रत्यक्षात ४.३२ गिगाबिट चित्र नेते. म्हणून केबल घेताना १० गिगाबिट किंवा त्याहून जास्त वेगाची आणि व्हिडिओ चालतो असं स्पष्ट लिहिलेली घ्यावी. लांबी १ मीटरच्या आत बरी. 'शंभर वॅट' हा शिक्का फक्त विजेबद्दल बोलतो, चित्राबद्दल नाही.

याच हिशोबाने फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या मॉनिटरचं बघा. ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) सुमारे १२.८ गिगाबिट लागतात. मध्ये लावलेल्या हबने (एका पोर्टचे अनेक करणारी डबी) अशा ५.४ गिगाबिटच्या दोनच मार्गिका चित्राला दिल्या तर मिळतात ८.६४. मग चित्र ३० हर्ट्झवर उतरतं आणि माऊसचा बाण अडखळत चालतो. १५ इंचांत फोरके घेऊन वीज आणि पैसे दोन्ही जास्त घालवायचं कारण आम्हाला तरी दिसत नाही.

विजेचं गणित याहून नाजूक आहे. एलसीडीमध्ये मागचा दिवा सतत जळत असतो आणि त्याचा प्रकाश ध्रुवक, द्रव स्फटिक आणि रंगगाळण्या पार करत पुढे येतो. डोळ्यापर्यंत पोचतो तो मूळ उजेडाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून खर्चाचा मोठा वाटा बॅकलाइटचा, आणि वीज वाचवायची खरी कळ म्हणजे ब्राइटनेस. लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट ५ व्होल्टला ३ अँपिअर देत असेल तर १५ वॅट मिळतात आणि अडचण येत नाही. १.५ अँपिअरच देत असेल तर ७.५ वॅट. अशा वेळी ब्राइटनेस वर नेला की मॉनिटर बंद पडतो, पुन्हा चालू होतो, कंपनीचं चिन्ह दाखवतो, पुन्हा बंद. मॉनिटर बिघडलाय असं वाटतं, पण तो उपाशी असतो. त्याच्या दुसऱ्या यूएसबी-सी पोर्टला चार्जर जोडून एकदा ब्राइटनेस ३०-४० वर आणून ठेवला की पुढे एका केबलवर तो निमूट चालतो. दुसरा यूएसबी-सी पोर्टच नसलेला मॉनिटर मुळात घेऊ नये.

बॅटरीवर काय परिणाम होतो? ५० वॅट-तासांची बॅटरी आणि ९ वॅट खाणारा लॅपटॉप असेल तर साडेपाच तास मिळतात. त्यात मॉनिटरचे ७ वॅट वाढले की तीन तासच उरतात. म्हणून जिथे प्लग आहे तिथे 'पास-थ्रू' वापरावं, म्हणजे चार्जर मॉनिटरला आणि मॉनिटरची केबल लॅपटॉपला. ६५ वॅटच्या चार्जरमधून मॉनिटर आपला वाटा ठेवून उरलेली वीज पुढे देतो. पुढे किती देऊ शकतो याची मर्यादा प्रत्येक मॉनिटरची वेगळी, ती माहितीपत्रकात शोधावी. चार्जर लावताना-काढताना स्क्रीन क्षणभर काळी होते, कारण विजेची बोलणी पुन्हा होतात. तो दोष नव्हे.

रेल्वेच्या बऱ्याच डब्यांत चार्जिंगचा सॉकेट ११० व्होल्टचा असतो. चार्जरवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट' छापलेलं असलं की चिंता नाही. पॉवर बँकेवर मॉनिटर चालवायचा तर २०,००० मिलिअँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. रूपांतरातली घट धरली तरी ८ वॅटचा मॉनिटर सात-आठ तास चालावा. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक नेता येते, पण केबिनच्या सामानातच, आणि उड्डाणात ती वापरायला बंदी असू शकते. आत बॅटरी असलेला मॉनिटर मात्र टाळलेला बरा. वजन वाढतं, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी थकली की ते वजन नुसतंच वाहायचं.

माहितीपत्रकातला १०००:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, हा अंधाऱ्या खोलीतला असतो. २५० निटची (निट म्हणजे स्क्रीनच्या उजळपणाचं माप) मॅट स्क्रीन ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) खोलीत ठेवली आणि पडलेल्या उजेडापैकी ५ टक्के ती चहूकडे परतवते असं धरलं, तर ५०० गुणिले ०.०५ भागिले पाय (३.१४), म्हणजे सुमारे ८ निटचा करडा थर सगळ्या चित्रावर चढतो. काळा रंग पाव निटाऐवजी सव्वाआठ निटाचा होतो आणि हजाराचा कॉन्ट्रास्ट ३१ वर येतो. खिडकीशी ५,००० लक्स असतील तर थर ८० निटचा आणि कॉन्ट्रास्ट जेमतेम ४. म्हणून निट महत्त्वाचे. निदान आपल्या लॅपटॉपइतके तरी असावेत, नाहीतर नजर एका स्क्रीनवरून दुसरीवर गेली की डोळ्यांना झटका बसतो. ३०० निट बरे, ४०० असतील तर उत्तम.

रंगांच्या बाबतीत एक आकडा पुरतो. एनटीएससी आणि एसआरजीबी हे रंगांच्या आवाक्याचे दोन मापदंड; '४५ टक्के एनटीएससी' लिहिलं असेल तर एसआरजीबीचे सुमारे ६२-६३ टक्केच रंग दिसणार, लाल फिकट विटकरी. '७२ टक्के एनटीएससी' म्हणजे जवळजवळ पूर्ण एसआरजीबी. एक्सेलला पहिला चालतो, फोटोंना नाही.

आकारात एक गंमत आहे. १५.६ इंची, १६:९ स्क्रीन ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ उंच असते. १४ इंची, १६:१० स्क्रीन ३०.२ रुंद आणि १८.८ उंच. उंचीत फरक सहा मिलिमीटरचा, आणि मजकूर वाचणाऱ्याला उंचीच लागते. रुंदीत वाचलेले चार सेंटिमीटर बॅगेत कामाला येतात. वजनही कमी. त्यामुळे बहुतेकांनी १४ इंची, १९२० बाय १२०० घ्यावा असं आमचं मत. विंडोजवर १२५ टक्के स्केल ठेवलं की अक्षरं नीट दिसतात. मॅकवर असं सरळ स्केल मिळत नाही. रिझोल्यूशन खाली आणलं की अक्षरं धूसर होतात, तिथे १६ इंची २५६० बाय १६०० जास्त सुखाचा.

स्टँड पाठीलाच जडवलेला, हवा त्या कोनात थांबणारा बघावा. चुंबकाच्या घडीच्या कव्हरला दोनच खाचा असतात, मागे जागा जास्त लागते आणि गुळगुळीत टेबलावर ते घसरतं. विमानाच्या ट्रेवर लॅपटॉप आणि मॉनिटर शेजारी-शेजारी मावत नाहीत, हे आधीच धरून चाला. बॅगेत स्क्रीनची बाजू लॅपटॉपच्या सपाट झाकणाकडे असावी. चार्जरचा ठोकळा त्याच कप्प्यात आला की पॅनेलला तडा जायला एक दाब पुरतो.

मॉनिटर हातात आल्यावर, परत करायची मुदत चालू असतानाच, मागच्या लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. लॅपटॉप चार्जरविना, एकाच केबलवर, पूर्ण ब्राइटनेसला वीस मिनिटं चालवा. सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ आहे का तपासा. पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीन एकेक करून लावा, म्हणजे मेलेले ठिपके आणि कडेने झिरपणारा उजेड दिसेल. शेवटी यूएसबी-सीची पिन हलकेच वर-खाली हलवा. चित्र गेलं तर केबल बदलून पुन्हा हलवा, आणि तरीही गेलं तर मॉनिटर परत करा, कारण प्रवासात सगळ्यात आधी तेच जोड निकामी होतं.