रनर्स नी : आरोपी कूर्चा सुटली कशी

जिना चढताना फारसे नाही, पण उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे कळ येते. तासभर बसून उठले की पहिली चार पावले लंगडत. पळणाऱ्यांच्या या दुखण्याला 'रनर्स नी' म्हणतात. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकली, अमेरिकेत पळण्याची लाट आली आणि हे नाव घरोघरी पोचले. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ची, मुंबईची २००४ ची.

दुखण्याचा दोष मात्र त्याआधीच ठरून गेला होता. १९०६ मध्ये ब्यूडिंगर या शल्यविशारदाने वाटीमागच्या कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणाला, भेगा पडल्याची नोंद केली. पुढे 'कॉन्ड्रोमलेशिया', म्हणजे कूर्चा मऊ पडणे, हे नाव चिकटले. नावातच आरोपी ठरल्यावर उपचारही त्याच्याच मागे लागले : खडबडीत कूर्चा तासून गुळगुळीत करायची. गोची अशी, की कूर्चेत मज्जातंतूच नसतात. मग दुखते ते काय?

सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी याचा छडा स्वतःच्याच गुडघ्यात लावला. सांध्याच्या आत भूल न घेता त्यांनी सहकाऱ्याला दुर्बीण घालायला सांगितली. सळईने एकेक जागा दाबायची आणि किती दुखते ते डाय यांनी शून्य ते चार अंकांत सांगायचे. वाचतानाच पाय पोटाशी घ्यावासा वाटतो! १९९८ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. वाटीची कूर्चा : शून्य. तीही थोडी झिजलेली असताना. सांध्याचे अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी टोचली, तेव्हा मात्र असह्य कळ.

डाय यांची मांडणी अशी, की गुडघा पेलू शकेल त्याहून जास्त भार वारंवार पडला की हे भाग चिडतात. म्हणजे तासायचे काही नाही, भार जुळवायचा. ऑस्ट्रेलियाच्या फिजिओ जेनी मॅकॉनेल यांनी १९८६ मध्येच वाटीला टेप लावून मांडीचे व्यायाम सुरू केले होते. नंतर खुब्याच्या स्नायूंचे व्यायामही त्यात आले.

२०१८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमधल्या ६९ धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त भार कसा सांभाळायचा ते शिकवले, दुसऱ्याला त्याच्या जोडीला व्यायाम दिले, तिसऱ्याची त्याच्या जोडीला पळण्याची ढब बदलली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. पळणे कोणाचेच बंद केले नव्हते. अट एवढीच : पळताना दुखणे दहापैकी दोनच्या वर जाऊ नये आणि थांबल्यावर तासाभरात पूर्वीइतके यावे.