३५२वी पायदळ डिव्हिजन (जर्मनी)

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन भूसेनेची एक डिव्हिजन. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांनी फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवले, तेव्हा ‘ओमाहा’ हे सांकेतिक नाव दिलेल्या पट्ट्यात अमेरिकी सैन्याला झालेल्या कडव्या प्रतिकारात या डिव्हिजनचा मोठा वाटा होता. त्या एका दिवसामुळे तिचे नाव युद्धेतिहासात राहिले आणि ती निवडक, कसलेल्या सैनिकांची डिव्हिजन होती असा समजही त्यातूनच रूढ झाला. प्रत्यक्षात ती जेमतेम सात महिन्यांपूर्वी उभारलेली आणि प्रशिक्षण अपुरे राहिलेली होती.

नोव्हेंबर १९४३ मध्ये नॉर्मंडीतील सां-लो या शहराच्या परिसरात तिची उभारणी सुरू झाली. रशियन आघाडीवर खिळखिळ्या झालेल्या ३२१व्या पायदळ डिव्हिजनमधून वाचलेले अधिकारी व सैनिक हा तिचा गाभा होता. त्यांच्याभोवती सतरा-अठरा वर्षांच्या नव्या भरतीचा भरणा करण्यात आला आणि पूर्वेकडील युद्धकैद्यांतून घेतलेले ‘स्वयंसेवक’ही तिच्यात दाखल झाले. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे १९४४ च्या जर्मन डिव्हिजनमध्ये पायदळाच्या नऊऐवजी सहाच बटालियन असत. त्यानुसार हिच्या ९१४, ९१५ आणि ९१६ या तिन्ही रेजिमेंटना प्रत्येकी दोन बटालियन मिळाल्या. त्यांच्या जोडीला एक फ्यूझिलिअर (टेहळणी व राखीव कामासाठीच्या हलक्या पायदळाची) बटालियन, तोफखाना रेजिमेंट आणि पायोनिअर (लढाऊ अभियंत्यांची) बटालियन होती. एकूण संख्याबळ सुमारे १२,००० होते. रशियन आघाडीवर डिव्हिजन सांभाळलेले जनरल डीट्रिख क्राइस हे तिचे प्रमुख होते. इंधन, दारूगोळा आणि वाहने यांच्या तुटवड्यामुळे जिवंत गोळीबाराचा सराव फारसा झाला नाही, आणि पुढे किनाऱ्यावर अडथळे रोवण्याच्या कामात सैनिकांचा बराच वेळ गेला.

मार्च १९४४ मध्ये डिव्हिजन किनाऱ्यावर आणण्यात आली. शत्रूला पाण्याच्या काठावरच रोखले पाहिजे, एकदा तो जमिनीवर स्थिरावला की त्याची विमाने राखीव दलांना हलू देणार नाहीत, हे उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्याचा बचाव सांभाळणारे जर्मन सेनानी फील्ड मार्शल रोमेल यांचे मत या हालचालीमागे होते. वीर नदीच्या मुखापासून बायो शहराच्या उत्तरेपर्यंतचा सुमारे ५० किलोमीटरचा किनारा तिच्याकडे आला. तेथे आधीपासून असलेल्या ७१६व्या डिव्हिजनची ७२६ क्रमांकाची रेजिमेंट काही प्रमाणात तिच्या हाताखाली देण्यात आली. म्हणूनच ओमाहावरील ठाण्यांत दोन्ही डिव्हिजनचे सैनिक मिसळलेले होते, आणि एक अख्खी डिव्हिजन त्या किनाऱ्यावर उभी होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. ९१४ रेजिमेंट पश्चिमेला इझिन्यी या गावाकडे होती, तर ९१५ रेजिमेंटचा मोठा भाग फ्यूझिलिअर बटालियनसह लेफ्टनंट कर्नल मेयर यांच्या नेतृत्वाखाली बायोच्या दक्षिणेस राखीव ठेवलेला होता.

युद्धसरावासाठी ही डिव्हिजन योगायोगाने त्याच दिवशी किनाऱ्यावर आली होती, असे काही जुन्या वृत्तांतांत आढळते. ते खरे नाही. ती तेथे दोन महिन्यांहून अधिक काळ होती. दोस्तांच्या गुप्तचर विभागाला मात्र तिची जागा वेळेत नेमकी कळली नाही आणि उतरणाऱ्या तुकड्या किनाऱ्यावर केवळ ७१६व्या डिव्हिजनचे दुय्यम सैन्य असेल या समजुतीने आल्या.

६ जूनच्या मध्यरात्रीनंतर छत्रीधारी सैनिक उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या. त्यांत दोस्तांनी फसवणुकीसाठी छत्रीने टाकलेल्या नकली सैनिकांच्या बाहुल्यांचीही भर होती. वरिष्ठ कोअरच्या (अनेक डिव्हिजनांच्या गटाच्या) आदेशावरून पहाटे तीनच्या सुमारास मेयर यांचे राखीव दल सायकली आणि फ्रेंच ट्रक घेऊन पश्चिमेला निघाले. काही तासांनी त्याला परत बोलावण्यात आले. दरम्यान ओमाहावर अमेरिकेच्या १ल्या आणि २९व्या डिव्हिजनच्या पहिल्या लाटा टेकडीवरील मशीनगन, उखळी तोफा आणि आधीच अंतर मोजून ठेवलेला तोफखाना यांच्या माऱ्यात सापडल्या. ढगाळ हवेमुळे विमानांनी टाकलेले बॉम्ब ठाण्यांच्या मागे, आतल्या बाजूला पडले होते, आणि पाण्यावर तरंगत येणारे बहुतेक रणगाडे पूर्वेकडील भागात खवळलेल्या समुद्रात बुडाले. सकाळी किनाऱ्यावरील जर्मन ठाण्यांना हल्ला मोडून काढल्यासारखे वाटले आणि तसे वरही कळवले गेले.

हाच अहवाल निर्णायक ठरला. ओमाहा सुरक्षित आहे असे धरून राखीव दलाचा मोठा भाग पूर्वेला, बायोच्या दिशेने पुढे सरकणाऱ्या ब्रिटिश सैन्यावर धाडण्यात आला आणि ओमाहाच्या वाट्याला एखादी बटालियनच आली. ब्रिटिशांशी झालेल्या लढाईत हे दल विस्कळीत झाले व मेयर मारले गेले. त्याच वेळी अमेरिकी सैनिकांचे छोटे गट ठाण्यांमधल्या मोकळ्या जागांतून टेकडी चढत होते, विनाशिका उथळ पाण्यापर्यंत येऊन तोफा डागत होत्या आणि जर्मन तोफांचा दारूगोळा संपत आला होता. त्या दिवशी डिव्हिजनचे सुमारे १,२०० सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. अमेरिकी हानी त्याहून बरीच जास्त होती. परंतु अमेरिकेला समुद्रमार्गे नवे सैन्य मिळत होते आणि क्राइस यांच्याकडे पाठवायला माणसे उरली नव्हती.

पुढचे सहा आठवडे ही डिव्हिजन मागे हटत लढली. इझिन्यी ९ जूनला पडले. सां-लोच्या उत्तरेकडील शेते उंच मातीच्या बांधांनी आणि दाट झुडपांनी वेढलेली असल्यामुळे थोड्या सैन्यालाही चिवट बचाव करता येत असे, आणि या भूप्रदेशाचा तिने जर्मनीच्याच ३ऱ्या छत्रीधारी डिव्हिजनच्या शेजारी राहून पुरेपूर उपयोग केला. १८ जुलैला बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झालेले सां-लो अमेरिकनांच्या हाती गेले. तोपर्यंत तिच्या पायदळाचे फक्त अवशेष उरले होते. ऑगस्टच्या सुरुवातीला जखमी झालेले क्राइस ६ ऑगस्टला मरण पावले.

सप्टेंबर १९४४ मध्ये फ्लेन्सबुर्ग येथे, नौदल व हवाईदलातून काढलेली माणसे घेऊन, ‘३५२वी फोल्क्सग्रेनाडिअर डिव्हिजन’ (युद्धाच्या अखेरीस उभारलेल्या पायदळ डिव्हिजनांचे नाव) उभी करण्यात आली. क्रमांक तोच असला तरी जुनी माणसे तिच्यात थोडीच होती. १६ डिसेंबरला सुरू झालेल्या आर्देनच्या जर्मन चढाईत तिने ऊर नदी ओलांडून लक्झेंबर्गमधील डीकिर्ख व एटेलब्रुक घेतले. मात्र दक्षिणेकडून आलेल्या अमेरिकी जनरल पॅटन यांच्या सैन्याने नाताळच्या आसपास तिला एटेलब्रुकमधून मागे रेटले. १९४५ च्या वसंतात ती संपुष्टात आली.

नॉर्मंडीतील डिव्हिजनविषयीची बरीचशी माहिती तिचे स्टाफ अधिकारी फ्रिट्झ त्सीगेलमान यांनी युद्धानंतर अमेरिकी सेनेच्या इतिहास विभागासाठी लिहिलेल्या टिपणांवर आधारलेली आहे. पराभूत बाजूच्या अधिकाऱ्याने लिहिलेली असल्याने ती जपून वापरावी लागतात. तरीही ६ जूनच्या दूरध्वनी संदेशांचा त्यांतील कालक्रम त्या दिवशीचे आदेश कोणत्या माहितीवर दिले गेले हे ताडून पाहण्यास आजही उपयोगी पडतो.